डबीवरचं नाव

"काका, जावाचा माल आता मिळत न्हाई. मिळंल ते घालून देतो, न्हाईतर गाडी भंगारात घाला." मेकॅनिक असं म्हणाला तेव्हा मी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची किंमत आमच्या मंडळींच्या मनगटानं मोजली.

गाडी वडिलांची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना 1961 ला सुरू झाला आणि 1996 ला बंद पडला. वडील गेल्यावर गाडी दहा वर्षं गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याखाली पडून होती. ती मी बाहेर काढून चालती केली, तर मागच्या चाकातून घरघर यायला लागली. मेकॅनिकनं चकचकीत डबीतली दोन बेअरिंगं हातोडीनं हाणून बसवली. डबीवर नामांकित कंपनीचं नाव, तेही एवढ्या मोठ्या अक्षरात. माझ्यासारख्या दहावीवाल्यानं काय शंका घ्यायची? पंधरवडा झाला नाही तोवर गारगोटीच्या रस्त्याला चाक जाम झालं. मला नुसतं खरचटलं, मंडळींचं मनगट मोडलं. ऐन भांगलणीचे दिवस.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलून चहा पिऊन गेला, "जुनी गाडी, चालायचंच."

हे 'चालायचंच' मला मान्य नाही. चाक मी स्वतः उघडलं. बेअरिंगातल्या पिंजऱ्याचा चुरा झाला होता आणि छर्रे एका बाजूला गोळा होऊन अडकले होते. कड्यावरचं कंपनीचं नाव अंगठ्यानं घासलं तर पुसलं गेलं. पडण्याला कारण झालेली ही वस्तू पंधरा दिवसांची होती. सबंध गाडीत तिच्याइतकं नवं दुसरं काही नव्हतं! मग दोष म्हातारपणाचा कसा?

आणखी एक गोष्ट सापडली, म्हणजे सापडली नाही. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते. ती आतल्या कड्यांना अंतरावर धरते. नळी नसेल आणि एक्सलचा नट आवळला, तर आतली कडी एकमेकांकडं ओढली जातात आणि छर्रे आडवे चेपतात. ती नळी मेकॅनिकच्या दुकानातच राहिली होती. नकली मालाला निष्काळजी हात मिळाला, आणि नाव मात्र वडिलांच्या गाडीचं खराब झालं.

'माल मिळत नाही' हे दुसरं खोटं. जुन्या बेअरिंगचं शाबूत कडं पुसून घेतलं तर 6302 असा नंबर निघाला. हा नंबर जावाचा नाही, कुणाच्याच बापाचा नाही. तो मापाचा नंबर आहे. आतलं भोक 15 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 42, रुंदी 13. चिंचवडच्या एसकेएफचं घ्या नाहीतर जयपूरच्या एनबीसीचं, माप तेच. शेवटचे दोन आकडे भोकाचे. 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, आणि 04 पासून पुढं पाचानं गुणायचं. मोटारीतलं 6206 असेल तर सहा पंचे तीस. पाचाचा पाढा येत नाही असा शेतकरी मला दाखवा. तरी आपण दुकानात जाऊन म्हणतो, "जावाचं द्या," "मोटारीचं द्या," आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो. बियाणाच्या पिशवीवरचा लॉट नंबर वाचणारा माणूस बेअरिंगचा नंबर का वाचत नाही?

शहरातल्या हौशी मंडळींशीही माझं भांडण आहे. एकानं मला जुन्या पिवळ्या डबीतलं 'ओरिजनल' 6302 दोन हजाराला सांगितलं. उघडं बेअरिंग, आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. कोल्हापुरात उद्यमनगरला पंपाची बेअरिंगं विकणाऱ्या दुकानात त्याच मापाचं, दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलं मला दोनशेच्या आत मिळालं, पक्क्या बिलासह. आमच्या चिखलात तेच जास्त टिकतं. चाकाच्या पोटातलं बेअरिंग प्रदर्शनात कुणाला दिसतं? जुन्या इंग्रजी गाड्यांत इंचाच्या मापाची बेअरिंगं असतात, तिथं शोधाशोध करावी लागते, हे कबूल. पण तिथंही आधी मोजावं, मग रडावं.

हबातली जागा हाणून हाणून सैल झाली होती. दुसरा मेकॅनिक म्हणाला, "पंचानं चार ठोके मारतो, घट्ट बसंल." मी हब उचलला आणि लेथवाल्याकडं गेलो. त्यानं भोक बोअर करून आत बुश ठोकला, मग 42 चं माप काढलं. नळी नवी केली, आतल्या खांद्यांमधलं अंतर मोजून. म्हातारा माणूस, व्हर्निअर डोळ्याला लावून तीनदा बघत होता. मजुरी बेअरिंगांच्या चौपट झाली, पण मी घासाघीस केली नाही.

घरी चुलीवर तवा ठेवून हब तापवला. अॅल्युमिनियम तापलं की फुगतं. बेअरिंग बाहेरच्या कड्यावर नुसतं अंगठ्यानं दाबलं आणि ते आपोआप आत बसलं. हातोडी लागलीच नाही.

त्याला आता दोन पावसाळे झाले. चाक बोटानं फिरवलं तर बराच वेळ फिरत राहतं, आवाज नाही. मंडळी मात्र अजून मागं बसत नाहीत. परवा बाजाराला निघताना म्हणाल्या, "आवं, तुमी व्हा फुडं, मी यस्टीनं येते."