‘चोवीस तासांची बाई’ हे उत्तर नव्हे

घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं की चहूकडून एकच सल्ला येतो: ‘ब्युरोला फोन करा, चोवीस तासांची बाई ठेवा, सुटाल.’ मुलं परदेशी, घरात दोघंच थकलेले, तेव्हा सोबतीला कुणी हवंच, हे खरं. पण आधी तास आणि दर ठरवायचे आणि माणसाला काय लागतं ते मागाहून बघायचं, ही रीत मला साफ नामंजूर आहे.

नर्सिंगमधला एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन. ब्युरोतून येणारी मावशी बहुधा काम करता करताच शिकलेली असते. आंघोळ, डायपर, हात धरून चालवणं ती उत्तम करते. नाकातल्या नळीवाटे भरवणं मात्र वेगळं. नळी जागेवर आहे ना ते दर वेळी तपासायचं, डोक्याकडची बाजू निदान तीस अंश वर घ्यायची, भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. इथं चूक झाली की अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. हे कुणी नीट शिकवलं नसताना मावशीवर सोपवणं हा पेशंटवर अन्याय आहेच, तिच्यावरही आहे.

उलट, गुडघे धरलेल्या पण स्वतःच्या पायांनी वावरणाऱ्या आजींना नर्स कशाला? त्यांना संडास-बाथरूममध्ये धरायला दांडा, व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट आणि पोळीभाजी करणारी बाई पुरते. पाण्याचा पेलासुद्धा कुणी हातात आणून देऊ लागलं की उठणं-बसणं सुटतं आणि होती ती ताकदही जाते.

आणि ते चोवीस तास! अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी जखमा होतात. दिवसभर राबलेली बाई रात्री बारा, दोन, चारला उठणार कशी? अशा घरी बारा-बारा तासांच्या दोघी हव्यात. परवडत नसेल, आणि पुष्कळांना परवडत नाही, तर दिवसा बाई आणि रात्री घरच्यांनी पाळ्या लावाव्यात. सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड दवाखान्यातल्या उपचारांना वर्षाला पाच लाखांपर्यंत कामी येतं. घरच्या मावशीचा पगार त्यात बसत नाही.

‘आईवडिलांना परक्याच्या हाती कसं द्यायचं?’ असं विचारणारेही आहेत. त्यांच्या ‘घरच्यांनी करावं’चा अर्थ बहुतेकदा एकटीनं सुनेनं करावं, एवढाच असतो. तिची पाठ मोडली की सेवाही थांबते.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी ब्युरोला फोन लावण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरकडून घरी करायच्या कामांची यादी वेळांसकट लिहून घ्या. मग ती घेऊन आईच्या, वडिलांच्या उशाशी बसा आणि विचारा, आंघोळ कुणी घातलेली चालेल?