बीडच्या छोट्या ब्रॉडबँडवाल्याला आयपी ॲड्रेस महाग का पडतो?

गेवराई किंवा माजलगावात कुणी स्वतःची ब्रॉडबँड सेवा काढली, तर फायबर आणि राउटरसोबत आयपी ॲड्रेसही लागतात. त्यांची दरवर्षी फी भरावी लागते. आपल्या भागाची नोंदणी ब्रिस्बेनची 'एपनिक' बघते, भारतात तिच्याखाली 'इरिन'. इरिन आपले दर स्वतः ठरवते, पण तीही एपनिकला फी देते. त्यामुळे वरच्या बदलाची झळ खाली येऊ शकते.

फी वाढली की सगळे टक्के बघतात. खरी गोम सूत्रात आहे. एपनिकने अनेक वर्षं वापरलेलं सूत्र असं: ॲड्रेस दुप्पट, तर फी १.३ पट. म्हणजे २५६ ॲड्रेसवाल्यापेक्षा ६५,५३६ वाल्याकडे ॲड्रेस २५६ पट, फी मात्र जेमतेम ८ पट! एका ॲड्रेसमागे छोट्याला सुमारे ३१ पट जास्त पडतात. नोंद ठेवायचा खर्च दोघांचा जवळपास सारखाच असतो, हे मान्य. पण ३१ पट? सरसकट १० टक्के वाढवले तरी ही दरी तशीच राहते, तो १.३ चा आकडा वाढवला, तरच भार मोठ्यांकडे सरकतो.

त्यात २०१९ पासून नव्या सदस्याला आयपीव्ही४ चे जास्तीत जास्त ५१२ ॲड्रेस मिळतात. ग्राहक दोन हजार असले की एकाच ॲड्रेसवर अनेक घरं बसवावी लागतात. मग तुम्हाला सारखे कॅप्चा येतात, गेममध्ये 'स्ट्रिक्ट नॅट' दिसतं.

आयपीव्ही६ घेतल्याने मात्र फी सहसा वाढत नाही, कारण एपनिक दोन्हींपैकी जी फी जास्त, तेवढीच घेते. तुमच्या ब्रॉडबँडवाल्या दादांना विचारून बघा, ते चालू केलंय का.