पोटखराब

चवथ आटोपली, माटोळी उतरली, की गोव्यातली सुशिक्षित मंडळी कासला निघतात. रात्रीच्या बसने सातारा, ऑनलाइन नोंदणीचा कागद हातात (दिवसाला तीन हजार माणसांनाच परवानगी), मग दिवसभर फुलांतून पायपीट. परत आल्यावर पंधरा दिवस कचेरीत फोटोंचे प्रदर्शन. 'असे काही आपल्याकडे नाही हो!' हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी चिडतो. यंदा लिहूनच टाकतो.

आपल्याकडे नाही? मग गावागावाच्या माथ्यावर तो सडा आहे तो काय आहे?

कास मोठे, सुमारे बाराशे मीटर उंचीवरचे, मान्य. तिथला वायतुरा किंवा सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी आपल्या सड्यावर शोधू नका. पण कासचा कातळ आणि आपला कातळ एकाच जातीचा, जांभा. वर जेमतेम बोटभर माती. पहिला पाऊस पडला की खडकाच्या भेगांतले कंद जागे होतात. जुलै-ऑगस्टात जमिनीवरची आमरी पांढरी फुले घेऊन उभी राहते. मग पाणथळ जागी सीतेची आसवे, जांभळी-निळी, हजारोंनी. त्यांच्या शेजारी गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या आणि चिकट थेंब मिरवणारा दवबिंदू. यातली आसवे आणि दवबिंदू किडे खातात, कारण त्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. उपाशी जमिनीवर जगायची ही युक्ती! सप्टेंबरात पिवळी हरणां. दिवाळीपर्यंत सगळे गवत वाळून सोनेरी, आणि मार्चात तुम्ही गेलात तर काळा तापलेला दगड. मार्चात पाहणी करणाऱ्या साहेबाला तिथे दगडच दिसणार, यात नवल नाही.

एका गवताचे शास्त्रीय नावच 'ग्लायफोक्लोआ गोएन्सिस' आहे. गोव्याचे नाव लावणारे गवत किती गोमंतकीयांनी पाहिले असेल? आमच्या आज्या पाहायच्या. श्रावणातल्या आयताराच्या पूजेची पत्री त्या सड्यावरूनच आणत. आता पत्री बाजारात जुडीने मिळते.

खरे भांडण माझे एका शब्दाशी आहे. मी कारकून माणूस, माझे आयुष्य कागदात गेले. कोणत्याही जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा. त्यात जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे रकाने आहेत. किती सुंदर शब्द, प्रत्येकात एक शेती आहे! आणि त्यांच्या पलीकडे नापीक, 'पोटखराब'. सड्याची वाट बहुधा तिथे लागते. ज्यात भात पिकत नाही, नारळ लागत नाही, ते खराब. एकदा कागदावर खराब लिहिले की पुढचे काम सोपे. खराब जमीन वापरात आणली तर कोण रडणार?

मग झालेही तसेच. वेर्ण्याच्या सड्यावर औद्योगिक वसाहत, पिळर्णला वसाहत, कुंडईला वसाहत. बांबोळीला इस्पितळ, ताळगावच्या माथ्यावर विद्यापीठ. जुन्या गोव्याजवळच्या माथ्याला तर 'कदंब पठार' असे राजेशाही नाव देऊन सदनिका विकल्या. मुरगावला 'सडा' हे वस्तीचे नाव तेवढे शिल्लक आहे. आणि मोपा. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोपा विमानतळाचा पर्यावरण परवाना स्थगित करून फेरविचार करायला लावला, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली.

इस्पितळ नको होते, कारखाने नको होते असे मी म्हणत नाही. माझ्या घरातली माणसेही तिथे कामाला जातात, आजारी पडली की तिथेच जातात. पण प्रत्येक वेळी सडाच का? विकत घेताना स्वस्त, भरावाचा खर्च नाही, विरोधाला शेतकरी नाही. एवढाच हिशोब. पाण्याचा हिशोब कोणी मांडत नाही. जांभा पावसाचे पाणी पितो आणि पायथ्याच्या झरींतून महिनोन्‌महिने सोडतो. पणजीच्या आल्तिनोखाली फोंताइन्यशची झर उगाच नाही. सड्यावर काँक्रीट ओतायचे आणि खाली टँकरची वाट पाहायची, हा कसला विकास?

हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचे नातेवाईक राहतात. तिथल्या अण्णांना (आतेभाऊ, वयाने मोठे) मी हे रडगाणे ऐकवले, तर त्यांनी कप्पतगुड्ड ऐकवला. गदगजवळची कोरडी, झुडुपी डोंगररांग, औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध, पोटात सोन्याचे खनिज. तिचे संरक्षण २०१६ मध्ये सरकारने काढून घेतले. गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामी आणि सामान्य लोक रस्त्यावर आले, २०१७ मध्ये ते परत द्यावे लागले, २०१९ मध्ये अभयारण्य झाले. तिथेही उंच वृक्षांचे अरण्य नाही, फोटो काढून मिरवावे असे फारसे काही नाही. तरी लोकांनी 'आमचा डोंगर' म्हटले.

आपण काय म्हणतो? २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा ठरवले. केरळ २०, कर्नाटक १०, तामिळनाडू ५, महाराष्ट्र ४. गोवा? शून्य. सत्तरी, सांगे, काणकोण घाटात नाहीत का? या शून्याची लाज वाटलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) आले, प्रादेशिक आराखड्यातली 'चूक' सुधारून जमिनीचा विभाग बदलण्यासाठी. त्याचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले, तेही काही नागरिक कोर्टात गेले म्हणून. बाकीचे आपण कासला होतो.

सड्यावर तिकीटखिडकी लावा असेही माझे म्हणणे नाही. कासला जाळी घातली, गुरे थांबली, गवत माजून फुले दबली अशी तिथल्याच जाणकारांची तक्रार होती. सडा गुरांना, गुराख्यांना आणि पावसाला मोकळा राहू द्या. फक्त त्याला खराब म्हणू नका. उताऱ्यावर 'सडा' असा वेगळा रकाना का असू नये? खाजनाला आहे, मोरडाला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आहेत, नोंदवह्या आहेत. त्या नोंदवहीत तुमच्या सड्यावरचे एक तरी फूल आहे का, हे पंचायतीत जाऊन विचारा. उत्तर मिळायला चार खेपा पडतील, आम्हा कारकुनांची जात मला ठाऊक आहे. पाचवी खेप घाला. आणि पुढच्या ग्रामसभेला येताना सड्याचा एक-चौदाचा उतारा काढून आणा, 'पोटखराब'खाली किती चौरस मीटर लिहिलेत ते मोठ्याने वाचा.