भर दुपारचा खून

गेल्या महिन्यात नातवाच्या आग्रहाखातर पुण्यातील एका रात्रीच्या पदभ्रमंतीस गेलो होतो. जुन्या शहरातील ‘झपाटलेल्या’ जागा दाखविणारा हा फेरफटका. शनिवारवाडा रात्री बंद असतो, तेव्हा दिल्ली दरवाजासमोर अंधारात उभे करून मार्गदर्शक तरुणाने आवाज खोल नेला आणि पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी साभिनय ऐकविली. मंडळी शहारली, मग हसली, मग छायाचित्रे काढून पुढे निघाली.

भुताची कथा ऐकण्यात काही पाप आहे असे मी म्हणत नाही. आमच्या लहानपणी आजीनेही त्या सांगितल्या. पण येथे जे घडले ती कथा नव्हे. ३० ऑगस्ट १७७३ हा दिवस. वाड्यात गणेशोत्सव चालू होता, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आली होती. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग आदी गारदी आत घुसले, ते रात्री नव्हे, भर दुपारी! अठरा वर्षांच्या नारायणरावांनी चुलत्याला मिठी मारली. धन्याच्या अंगावर आडवा पडून ज्याने वार झेलले, त्या चापाजी टिळेकराचे नाव त्या रात्री कोणी उच्चारले नाही. भूत फक्त पेशव्यांचे होते काय? सेवकाचे होत नाही?

आनंदीबाईंचा ‘ध’चा ‘मा’ मात्र रंगवून सांगितला गेला. चेटकीण हाताशी असली की कथेला रंग चढतो. परंतु रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीअंती दोषी ठरविले ते रघुनाथरावांना. पेशवेपदाची वस्त्रे ल्यालेल्या पुरुषास देहान्त प्रायश्चित्त सांगणे आणि पद सोडून पुण्याबाहेर पडणे, यास जे धैर्य लागते त्यापुढे कोणत्याही आरोळीचा थरार फिका आहे. पुढे बारभाईंच्या कारभारात शास्त्रीबोवा न्यायासनावर परतले.

आणि खरोखर भय वाटावे असे जे, ते तर या खुनानंतरचे. पुरंदरावर १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला. गादी हातची गेलेले रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. १७७५ चा सुरतचा तह झाला आणि घरच्या भांडणात परका पंच म्हणून आत आला. वडगावला १७७९ मध्ये मराठ्यांनी त्याला नमविले खरे, पण त्याला वाट कळली होती. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते चढविणारे हात बाळाजीपंत नातूंचे, म्हणजे पुन्हा आपल्याच माणसाचे. हे सांगायला मार्गदर्शकाला पाच मिनिटे पुरली असती. त्या तरुणाचा आवाज उत्तम होता, पाठांतर चोख होते. त्याला कोणी एवढेच पाठ करायला दिले, हा दोष त्याचा नाही. आम्ही घरी तरी कुठे सांगतो?

परतताना नातवाने विचारले, “आजोबा, मग काकांना शिक्षा झाली का?” रिक्षा मिळेपर्यंत आम्ही नदीच्या पुलापर्यंत चालत आलो होतो, तरी माझे उत्तर संपले नव्हते. येत्या रविवारी त्याला पुन्हा वाड्यात नेणार आहे, दुपारी एकच्या सुमारास.