कृतज्ञता कोणाविषयी?

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळाने कॅरिबियनमधील पोर्तो रिको बेट उद्ध्वस्त केले. बेटभर वीज गेली. काही वस्त्यांत ती परतायला जवळजवळ वर्ष लागले. मृतांचा सरकारी आकडा प्रथम ६४ होता. पुढे तो २,९७५ असल्याचे मान्य करावे लागले.

हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तेथील रहिवाशांना अध्यक्षीय निवडणुकीत मत मात्र नाही. ३ ऑक्टोबर २०१७ रोजी अध्यक्ष ट्रम्प आले आणि त्यांनी आपद्‌ग्रस्तांच्या गर्दीत कागदी टॉवेलांची भेंडोळी भिरकावली! अशा दातृत्वाबद्दल जनतेने ऋणी राहावे, ही अपेक्षा मालकाची होय.

ऋण खरे होते, पण ते शेजाऱ्यांचे. काग्वास येथे कार्यकर्त्यांनी सामुदायिक भोजनगृह उघडले. जेवणाऱ्याने पैसा, शिधा वा श्रम, जमेल ते द्यावे, एवढीच अट. घेणारा लाचार झाला नाही, तो उद्याचा स्वयंपाकी झाला. आदहुंतासच्या डोंगरात खाणविरोधी लढ्यातून १९८० साली जन्मलेल्या ‘कासा प्वेब्लो’ (लोकगृह) या संस्थेच्या छपरावरील सौरविजेने अंधारातही काम चालू ठेवले. संस्थेने हजारो सौरदिवे वाटले. ही आशा भाबडी नव्हती. तिच्यामागे जवळजवळ चार दशकांची संघटना होती.

मुख्य वीजजाळ्याचा कारभार २०२१ मध्ये खाजगी कंपनीकडे गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये फियोना वादळाने बेट पुन्हा अंधारात बुडाले, तेव्हा लोकगृहात दिवे जळत होते.