खिसा आवळून पाहा

दिवाळीच्या दिवसांत खिसा आवळण्याचा उपदेश करणारा माणूस कोणालाच आवडत नाही. पोराबाळांना नाही, आणि कापडवाल्याला तर मुळीच नाही. तेव्हा आधीच खुलासा केलेला बरा. आज ज्या खिशाविषयी लिहायचे आहे तो सदऱ्याचा नव्हे, पूलच्या टेबलाचा. ज्याला खेळणारे ‘पॉकेट’ म्हणतात तो.

बिलियर्ड्स आपल्याला परके नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले, तेव्हा ते नाव घरोघर पोहोचले. पूल हे त्याच घराण्यातले, अमेरिकेत वाढलेले भावंड. टेबल लहान, चेंडू आकड्यांचे आणि पॉकेटे सहा. आता आपल्या शहरांतही तासाच्या भाड्याने ते खेळायला मिळते.

या पॉकेटांचे माप पाहू. पूलचा चेंडू २¼ इंच व्यासाचा. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटाचे तोंड ४½ ते ४⅝ इंच, मधल्याचे ५ ते ५⅛ इंच. म्हणजे दोन चेंडू हातात हात घालून आत जातील! आपल्या कॅरमचे भोक साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर आणि सोंगटी तीन सेंटिमीटरहून थोडी मोठी. त्या मानाने पूलचे यजमान फारच उदार. उलट रशियन बिलियर्ड्समध्ये चेंडू ६८ मिलिमीटरचा आणि कोपऱ्याचे पॉकेट जेमतेम ७२ ते ७३ मिलिमीटरचे. तिथे चेंडूला दारातून अंग चोरूनच आत शिरावे लागते.

औदार्य चांगले, परंतु शिकणाऱ्याला ते फसवते. नेम अर्धा इंच चुकतो, चेंडू पॉकेटाच्या कडेवर आपटतो, क्षणभर घुटमळतो आणि शेवटी पडतो. मित्र वाहवा करतात. खेळणारा क्यूला खडू लावीत पुढच्या चेंडूकडे वळतो. चूक झाली हे त्याला कोणी सांगत नाही, आणि टेबलही सांगत नाही. अशा शंभर चुका पोटात घालून माणूस स्वतःला पट्टीचा खेळाडू समजू लागतो.

म्हणून काही जण सरावासाठी पॉकेटच अरुंद करून घेतात. त्यामागचा हिशेब मोठा गमतीचा आहे. समोरून सरळ येणारा चेंडू कडांना न शिवता आत जायचा, तर त्याच्या मध्यबिंदूला इकडेतिकडे किती मोकळीक मिळते? तोंडाच्या रुंदीतून चेंडूचा व्यास वजा करा. ४½ इंचांच्या तोंडात मोकळीक २¼ इंच. तोंड ४ इंच केले तर १¾. ३½ इंच केले तर फक्त १¼. म्हणजे तोंड कमी झाले २२ टक्के आणि मोकळीक गेली ४४ टक्के! बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एका इंचाने असे काय बिघडले? खेळणाऱ्याला विचारा.

हे काम करतात कसे? कुशनचे रबर पॉकेटापाशी जिथे संपते, तिथे कडक रबराची पातळ चकती चिकटवलेली असते. कारागीर कड सोडवतो, कापड उलगडतो, त्या चकतीच्या मागे आणखी एक पट्टी बसवतो आणि कापड पुन्हा ताणतो. दोन्ही बाजूंना अष्टमांश इंचाची एकेक पट्टी घातली की तोंड साधारण पाव इंचाने आवळते. मात्र पट्ट्यांवर पट्ट्या चढवीत गेले की कड चेंडूला भलताच उसळा देऊ लागते. शिवाय कोपऱ्याच्या पॉकेटाच्या कडा कुशनशी सुमारे १४२ अंशांचा कोन करतात. तो बिघडला तर अचूक मारलेला चेंडूही बाहेर थुंकला जातो. अशा टेबलावर माणूस नेम शिकत नाही, नशिबाला दोष द्यायला शिकतो. फारच अरुंद करायचे असेल तर आतले लाकूडच लांबवून घेणे बरे.

पॉकेट आवळण्याची ही कल्पना आजची नव्हे. लंडनमध्ये १८७० साली बिलियर्ड्सच्या अजिंक्यपदासाठी पहिला सामना झाला. एका बाजूला वीसएक वर्षे अजिंक्य मानले गेलेले जॉन रॉबर्ट्स, दुसऱ्या बाजूला विशीतला विल्यम कुक. त्या काळी लाल चेंडू वरच्या ठिपक्यावरून कोपऱ्यात पुनःपुन्हा टाकीत राहण्याची एक खेळी बोकाळली होती. तिला आळा घालावा म्हणून या सामन्यासाठी पॉकेटे ३⅝ इंचांवरून ३ इंचांवर आणली आणि तो ठिपका कुशनजवळ सरकवला. कुक १२०० विरुद्ध १०८३ असा जिंकला. पण पुढे काय झाले? नेहमीच्या टेबलांवर ती खेळी चालूच राहिली. पील नावाच्या खेळाडूने १८९० साली तिच्याच बळावर ३३०४ गुणांची एक पाळी केली. अखेर १८९८ साली नियमच बदलावा लागला. आवळलेले पॉकेट खोड उघडी पाडते. ती घालवण्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते.

सरावातही नेमके तेच होते. चेंडू पडला नाही, एवढेच अरुंद पॉकेट सांगते. का पडला नाही, हे सांगत नाही. क्यू वाकडा गेला, डोके हलले की नेम चुकला, हे ज्याचे त्यालाच शोधावे लागते. ते न शोधता जो केवळ पॉकेट आवळतो, त्याच्या मनात भीती शिरते. जोरात आलेला चेंडू अरुंद तोंडातून लवकर उसळतो, म्हणून तो सगळेच हळू मारू लागतो. पांढरा चेंडू मग पुढच्या फटक्यासाठी हव्या त्या जागी पोहोचत नाही. आणि खरा खेळ तर तिथेच आहे. विली मॉस्कोनी या अमेरिकन खेळाडूने १९५४ साली ओहायोत एका पाळीत लागोपाठ ५२६ चेंडू टाकले, तेही आठ फुटी टेबलावर. हा विक्रम ६५ वर्षे टिकला. केवळ टेबल सोपे होते म्हणून कोणी पाचशेचा पल्ला गाठत नाही. प्रत्येक वेळी पांढरा चेंडू योग्य जागी थांबवावा लागतो.

तेव्हा औषध मात्रेत घ्यावे. नवशिक्याने या वाटेला जाऊच नये. आधी त्याला चेंडू पडण्याचा आनंद मिळू द्या. ज्याचा हात बसला आहे त्याने अर्धा तास अरुंद पॉकेटावर घालवावा आणि मग नेहमीच्या पॉकेटावर पूर्ण डाव खेळावा. क्लबातले टेबल आपल्या मालकीचे नसते, तिथे कारागीर बोलावता येत नाही. त्यासाठी बिनखर्ची उपाय आहे. एकच फटका दहा वेळा लावा, आणि कडांना न शिवता पडलेला चेंडूच तेवढा मोजा. कडेला आपटून पडलेला चुकला असे समजून कागदावर फुली मारा.

पहिल्या दिवशी फुल्याच फुल्या दिसतील. कागद फाडू नका. महिन्याभराने त्याच फटक्याचा दुसरा कागद शेजारी ठेवून पाहा. मित्रांची वाहवा जे सांगणार नाही, ते हे दोन कागद सांगतील.