२,१०० रुपये देणार, पण आणणार कुठून? बीडच्या मतदाराने विचारायचा प्रश्न

विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने लाडक्या बहिणींचे दरमहा १,५०० रुपये २,१०० करण्याचे आश्वासन दिले. महाविकास आघाडीने ३,००० रुपये सांगितले. शेतकऱ्यांना कर्जमाफी दोन्ही बाजूंनी कबूल केली. बीड जिल्ह्यातल्या सहाही मतदारसंघांत हे आकडे पोहोचले. त्यासाठी पैसा कुठून येणार, हे मात्र प्रचारात ठळकपणे आले नाही.

हिशेब नेमका काय आहे?

१० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी रुपये होता. महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट सुमारे १ लाख ३६ हजार कोटी. राज्यावरचे कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेले. महसुली तूट म्हणजे पगार, पेन्शन, व्याज आणि अनुदान अशा रोजच्या खर्चालाही उत्पन्न पुरत नाही. घर बांधायला कर्ज काढणे वेगळे आणि किराणा भरायला काढणे वेगळे.

लाडकी बहीण योजनेसाठी त्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी रुपये होते. तेवढ्याच लाभार्थींना २,१०० द्यायचे तर रक्कम ५० हजार कोटींवर जाते. म्हणजे दरवर्षी १४ हजार कोटींहून जास्त नवे पैसे.

निवडणूक झाल्यावर काय झाले?

अर्थसंकल्पात २,१०० ची तरतूद झाली नाही. २८ मार्च २०२५ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री आणि बीडचे पालकमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरायला सांगितले. तिजोरीची स्थिती पाहता ते बोलणे खरे होते. अडचण एवढीच, की ते मतदानाच्या चार महिन्यांनंतर आले. कर्जमाफी होणार या भरवशावर ज्याने हप्ता थकवला, त्याच्यावर व्याज चढले आणि नव्या कर्जाची वाटही अडली. काटकसर निवडणुकीनंतर आठवली, की तिची किंमत आश्वासनावर विश्वास ठेवणारा भरतो.

बीडला याचे काय?

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीडपर्यंत गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. मार्गाचा खर्च वाढत सुमारे ४,८०५ कोटींवर गेला आणि त्यातला निम्मा वाटा राज्याचा. लाडकी बहीण योजनेच्या महिन्याच्या सरासरी ३ हजार कोटींपेक्षा हा वाटा कमी आहे. रोख वाटप दर महिन्याला करावेच लागते, थांबले की ओरड होते. रेल्वे, कालवा किंवा दवाखान्याचे काम वर्षभर लांबले तरी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हात आखडायची वेळ आली, की आधी कात्री याच कामांवर चालते.

मग योजना चुकीची आहे का?

नाही. मुकादमाकडून उचल घेऊन सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात १,५०० रुपये येणे ही मोठी गोष्ट आहे. काटकसर म्हणजे गरिबाची मदत तोडणे नव्हे. जेवढे देऊ तेवढ्याची सोय आधी सांगणे, ही खरी काटकसर.

महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, तेव्हा मराठवाडा होरपळत होता. पुढे या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पगाराच्या स्लिपवर आज महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. शहरातल्या नोकरदाराने कर भरला आणि दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळाले. योजना आणि तिचा पैसा, दोन्ही लोकांसमोर होते.

खरे बोलणारा हरतो का?

अमेरिकेत १९८४ मध्ये वॉल्टर माँडेल यांनी कर वाढवावेच लागतील, असे उघड सांगितले आणि ५० पैकी ४९ राज्यांत ते हरले. १९८८ मध्ये जॉर्ज बुश (थोरले) नवे कर लावणार नाही, असे सांगून जिंकले. १९९० मध्ये त्यांना कर वाढवावे लागले आणि १९९२ मध्ये ते पडले. त्याच वर्षी तुटीवर बोट ठेवणाऱ्या अपक्ष रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली. म्हणजे खरे बोलणे महाग पडते, पण शब्द फिरवणेही स्वस्त नसते. आणि हिशेब ऐकणारा मतदारही असतो.

मतदाराने काय विचारावे?

पुढच्या प्रचारात उमेदवार गावात आला, की तीन प्रश्न पुरेत. या आश्वासनाचा वर्षाचा खर्च किती? त्यासाठी कोणता कर वाढणार किंवा कोणता खर्च कमी होणार? आणि आपल्या तालुक्यातले कोणते काम त्यामुळे मागे पडणार? सर्वात मोठा आकडा सांगणाऱ्यालाच टाळ्या मिळत राहिल्या, तर संयमाने बोलणारा उमेदवार उभाच राहणार नाही. ‘एवढेच देऊ शकतो, आणि ते असे देऊ’ असे म्हणणाऱ्याचे बोलणे बीडच्या मतदाराने निदान पूर्ण ऐकून घ्यावे.